सत्तावीस हरवलेल्या बायका

कचेरीत त्यांना सगळे टक्केबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण कानावर यायचं ते यायचंच, आणि बाईंना त्याचा राग नव्हता. देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे जिथे गोळा होतात त्या कचेरीत सव्वीस वर्षं काढल्यावर माणसाला काहीतरी नाव चिकटणारच. शेजारच्या टेबलावरच्या सज्जन गृहस्थांकडे खुनांचा तक्ता होता, म्हणून त्यांना सगळे नुसतं ‘खून’ म्हणत. ‘खून आज रजेवर आहेत’ हे वाक्य त्या मजल्यावर कुणालाही विचित्र वाटत नसे. त्या मानाने टक्केबाई पुष्कळच बऱ्या सुटल्या होत्या.

बाईंच्या नवऱ्याचं घराखालीच कुलपांचं दुकान होतं. बायको चोऱ्या मोजणार आणि नवरा कुलपं विकणार, यावर करता येण्यासारखे सगळे विनोद ओळखीच्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांतच करून टाकले होते. पुढची वर्षं तेच विनोद फिरून फिरून येत. गेली सहा वर्षं देशातल्या घरफोड्या सारख्या उतरत होत्या आणि नवरा त्याबद्दल थेट बायकोलाच जबाबदार धरायचा. “जरा हात सैल सोडत जा की,” तो म्हणायचा. “शंभरावर पाच जास्त लिहिल्यास तर तुझं काय जातंय?”

फेब्रुवारी महिना म्हणजे वार्षिक अहवालाचा हंगाम. सगळ्या ठाण्यांचे तक्ते येऊन पडलेले, आणि मजल्यावर सगळ्यांच्या माना खाली. त्या वर्षीचं चित्र एकंदरीत बरंच होतं. खून होते तिथेच होते. वाहनचोऱ्या उतरल्या होत्या. खिसेकापू तर नामशेष व्हायच्या बेतात होते, कारण लोकांच्या खिशात कापण्याजोगं काही उरलंच नव्हतं. वाढली होती ती एकच गोष्ट, फोनवरून आणि संगणकावरून होणारी फसवणूक, आणि ती तीन वर्षांत तिप्पट. ‘खून’ म्हणाले, चोर आता भिंत चढत नाही, घरी पाय पसरून बसतो आणि फोन करतो. त्याचेही गुडघे दुखायला लागले असतील. यावर सगळे हसले आणि पुन्हा कामाला लागले.

नव्याने लागलेल्या मुलामुलींना टक्केबाई दोन गोष्टी पहिल्याच दिवशी शिकवत. एक, लहान आकड्याचा टक्का काढायचा नाही. एका गावात मागल्या वर्षी एक खून झाला आणि यंदा दोन झाले, तर ‘खून दुप्पट’ म्हणून बोंब मारायची नाही. दोन, आकडा अचानक फुगला की आधी विचारायचं, तिकडच्यांनी मोजलं काय? प्रकरणं की माणसं? एका ठाण्याने एकदा एका बसवरचा दरोडा बेचाळीस दरोडे म्हणून पाठवला होता, कारण बसमध्ये बेचाळीस प्रवासी होते. तो आकडा छापला गेला असता तर त्या रस्त्याने पुढे कुणी जन्मात गेलं नसतं. ही गोष्ट बाई दरवर्षी सांगत आणि दरवर्षी तितक्याच रंगात येऊन सांगत.

अशा बाईंकडे त्या वर्षी तक्ता क्रमांक चौदा आला. तो एरवी कोपऱ्यातल्या टेबलावरच्या मुलीचा, पण ती बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिचं काम वाटलं गेलं. हरवलेल्या स्त्रिया, ठाणेवार. एका मंगळवारी दुपारी जेवणाचा डबा संपवून बाई त्या तक्त्यावरून बोट फिरवत होत्या. ठाण्यामागून ठाणं: शून्य, तीन, एक, शून्य, दोन. आणि एका ओळीवर बोट थांबलं.

गाव बंदराचं. चाळीस हजारांची वस्ती. मागल्या वर्षी हरवलेल्या बायका दोन. यंदा सत्तावीस.

बाईंनी पेन्सिल उचलली आणि जे दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याला त्यांनी धारेवर धरलं असतं, ते स्वतःच केलं. टक्का काढला. साडेबाराशे टक्के वाढ.

आता यात एक गोष्ट अशी, की बाईंच्या एकुलत्या एका मुलीला आदल्याच दिवशी नेमणुकीचं पत्र आलं होतं. मुलगी परिचारिका झाली होती, चांगल्या गुणांनी, आणि तिला पहिली नोकरी मिळाली होती ती सरकारी रुग्णालयाच्या नवजात बाळांच्या विभागात, याच बंदराच्या गावात. होकार शुक्रवारपर्यंत कळवायचा होता. राहायची खोली रुग्णालयापासून पंधरा मिनिटांवर, धक्क्याच्या रस्त्याने. महिन्यातून दहा रात्रपाळ्या. सोमवारी संध्याकाळी ते पत्र घरात तीनदा मोठ्याने वाचून झालं होतं आणि बाबांनी खोलीच्या दारासाठी आपल्या हाताने कुलूप करून द्यायचं जाहीर केलं होतं.

बाईंना भीती वाटली. तक्त्यात गाव होतं आणि आकडा होता, बाकी काही नव्हतं. पण मन चिंती ते वैरी न चिंती. धक्क्याचा रस्ता, बंद गोदामं, एकटी चालत येणारी मुलगी, हे सगळं बाईंनी आपल्या पदरचं घातलं. घाईघाईने त्यांनी कागदांची चळत उपसली. नियमाप्रमाणे आकडा फुगलेल्या ठाण्याला जानेवारीतच विचारणा गेलेली होती आणि तिचं उत्तरही जोडलेलं होतं. स्वच्छ, गोल अक्षरात एकच ओळ: ‘आकडा बरोबर आहे.’ खाली ठाण्याच्या नोंदकारकुनाची सही.

बरोबर आहे म्हटल्यावर बोलणंच खुंटलं. मोजलं काय, हा आपला लाडका प्रश्न बाईंना त्या दुपारी सुचलाच नाही. दुसऱ्याच्या मुलीचा प्रश्न असता तर चुटकीसरशी सुचला असता.

आणि घरी जाऊन सांगण्याचीही सोय नव्हती. अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत एकही आकडा खोलीबाहेर न्यायचा नाही, असं सगळ्यांकडून दरवर्षी लिहून घेतलं जाई. मागे एकाने आपल्या मेहुण्याला वाहनचोऱ्यांचा आकडा जेवताना सांगितला होता. तो गृहस्थ आता तळमजल्यावर पेन्सिली आणि टाचण्या वाटायला बसतो. बाई नियमाच्या इतक्या पक्क्या होत्या, की नवऱ्याला त्यांनी घरफोड्यांचा आकडासुद्धा कधी वर्तमानपत्रात येण्याआधी कळू दिला नव्हता.

तेव्हा संध्याकाळी जेवायच्या टेबलावर त्यांनी नुसतंच सांगितलं, “ती नोकरी घ्यायची नाही.”

मुलीने घास खाली ठेवला. “का?”

“नाही म्हणजे नाही.”

“आई, काल तूच पत्र वाचून दाखवत होतीस शेजारच्या काकूंना! दारात उभी राहून!”

“काल वाचलं. आज नाही म्हणते.”

“मधे काय झालं?”

“काही झालेलं नाही. इथे शहरात नोकऱ्या नाहीत का? वर्षभर थांब.”

“वर्षभर थांबून काय होणार? आणि इथे गुन्हे होत नाहीत?” मुलीचा आवाज चढला. “तुला ना आई, जगात दोनच प्रकारची माणसं दिसतात. ज्यांचं चोरीला गेलं ती, आणि ज्यांचं अजून जायचंय ती!”

हे जरा जास्तच लागलं, कारण ते अगदीच खोटं नव्हतं. बाबा दोघींकडे आळीपाळीने बघत होते. नवराबायकोच्या भांडणाचा त्यांना अनुभव होता, पण मायलेकींच्या भांडणात मधे पडणारा दोन्हीकडून मार खातो हेही ते जाणून होते. तरी न राहवून म्हणाले, “मी असं कुलूप करून देतो, की चावी असूनसुद्धा उघडायला पाच मिनिटं लागतील.”

“अहो, तुम्ही गप्प बसा,” बाई म्हणाल्या.

“बसलो.”

मुलगी ताट उचलून आत गेली. नळ कितीतरी वेळ वाहत राहिला. बाई तशाच बसल्या होत्या, सांगता येत नाही आणि सोसवत नाही अशा कात्रीत. आपण मुलीला उगाच अडवत असू तर ती आयुष्यभर बोलून दाखवेल, आणि न अडवता काही झालं तर बोलून दाखवायला ती असणारच नाही. या दुसऱ्या विचारापाशी आल्यावर त्या उठल्या आणि स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसायला लागल्या.

बुधवारी सकाळी त्या थेट संचालकांच्या खोलीत गेल्या. आकडा अर्ध्याहून जास्त वाढला तर ठाण्यात जाऊन दप्तर तपासायचा अधिकार कचेरीला होता. कागदावर होता, प्रत्यक्षात अकरा वर्षांत कुणी खुर्ची सोडून गेलेलं नव्हतं.

“फोन करून विचारा ना,” संचालक म्हणाले.

“फोनवर आकडा बरोबर आहे एवढंच सांगतील, साहेब. तो बरोबर आहे म्हणूनच जायचंय.”

संचालकांना यातलं काही कळलं नाही, पण सव्वीस वर्षांत टक्केबाईंनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. त्यांनी सही केली. घरी बाईंनी ‘उद्या दौरा आहे’ एवढंच सांगितलं. मुलगी बोलत नव्हतीच, तिने ‘कुठे’ असंही विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी सातची बस धरून दहाला बाई बंदराच्या गावात उतरल्या. पर्स छातीशी घट्ट. रस्त्यावर एक बाई भाजी निवडत बसली होती, एक दुकानदार काच पुसत होता, दोन माणसं शिडी कुणी धरायची यावरून वाद घालत होती. बाईंना सगळेच संशयित वाटले. धक्क्याचा रस्ता लागला तसे त्यांनी दिवे मोजायला सुरुवात केली. बावीस खांब, त्यांतला एक बंद. तेवढ्यात मागून कुणीतरी भराभर येत असल्याचं जाणवलं. बाईंनी पावलं उचलली, मागच्याने पण उचलली. शेवटी बाई पळायच्याच बेतात होत्या तेव्हा तो माणूस धापा टाकत समोर आला आणि त्याने त्यांच्या चष्म्याचं घर पुढे केलं. बसथांब्यावर पडलं होतं म्हणाला.

“काय पळता हो तुम्ही या वयात,” असंही म्हणाला.

ठाणं म्हणजे एक बैठी इमारत, दारात सायकली, आत लाकडी बाकं. नोंदकारकून निवृत्तीला आलेला, गोल चेहऱ्याचा, आपल्या अक्षरासारखाच. राजधानीतून खास आपलं दप्तर तपासायला कुणी आलंय म्हणताना तो आधी घाबरला, मग त्याला अभिमान वाटला, मग त्याने चहा मागवला.

“सत्तावीस हरवलेल्या बायकांची प्रकरणं बघायचीत मला,” टक्केबाई म्हणाल्या. आवाज स्थिर राहावा म्हणून त्यांनी टेबलाची कड धरली होती.

“आत्ता आणतो.” कारकून कपाटाकडे गेला आणि एक जाडजूड फाइल आणि दोन बारक्या फाइली घेऊन आला.

“बाकीच्या?”

“बाकीच्या कसल्या? एवढ्याच.”

“या तीन आहेत.”

“हो ना. ही एक मुलगी, लग्न करायला पळाली होती. नवऱ्याला घेऊन परत आली, सासूबाईंचं आणि तिचं आता भलतंच सूत जमलंय. ही दुसरी बाई नवऱ्याशी भांडून बहिणीकडे गेली आणि फोन बंद करून चार दिवस झोपली. आणि या,” त्याने जाड फाइलवर प्रेमाने थाप मारली, “या आमच्या आजी. पंचवीस वेळा.”

टक्केबाईंनी फाइल उघडली. पंचवीस तक्रारी, सगळ्या एकाच नावाच्या, वय एक्याऐंशी. आजी चाळीस वर्षं गावाच्या टेलिफोन केंद्रात होत्या. हल्ली विसरायला लागल्या होत्या, पण नोकरी तेवढी पक्की लक्षात होती. पंधरा दिवसांतून एकदा कधीतरी त्यांना आपली पाळी सुरू झाल्याची आठवण व्हायची आणि त्या घरातून निघायच्या. जाताना वाट सापडायची, येताना नाही. केंद्र बंद होऊन तिथे चपलांचं दुकान झालं होतं.

“आणि... सापडल्या?”

“कोण, आजी? पंचवीसच्या पंचवीस वेळा! मागे आहे बघा प्रत्येक तक्रारीच्या, तारीखवेळेसकट.”

“मग तुम्ही ते कळवलं का नाही?” बाईंचा आवाज आता मात्र फुटला. “नुसतं सत्तावीस हरवल्या म्हणून पाठवता! विचारलं तर आकडा बरोबर आहे म्हणता!”

“बरोबरच आहे की मॅडम. तक्रारी सत्तावीस.” कारकून गोंधळला. “आणि सापडल्याचं कुठे लिहायचं? तुमच्या तक्त्यात तो रकानाच नाही. पूर्वी होता. आठनऊ वर्षं झाली, काढला तुमच्याकडून.”

टक्केबाईंनी हातातला कप खाली ठेवला. नऊ वर्षांपूर्वी अहवालाचं पान ठरवायला एक समिती बसली होती. तक्ता चौदा पानात मावत नव्हता, एक रकाना बाहेर जात होता. तेव्हा एक हुशार बाई म्हणाल्या होत्या, की सापडलेल्या बायका हा काही गुन्हा नव्हे, तर गुन्ह्यांच्या पुस्तकात त्यांनी जागा का अडवावी? सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. त्या हुशार बाई आता इथे परक्या गावातल्या बाकावर बसून चहा थंड करत होत्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार?

त्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. तीन दिवस छातीवर बसलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. कारकुनाने घाबरून आणखी एक चहा मागवला.

बाई दप्तर तपासत होत्या, म्हणजे खरं तर आनंदाने पानं उलटत होत्या, तेव्हा पावणेदोनला ठाण्यातला फोन वाजला. कारकुनाने ऐकलं, घड्याळाकडे बघितलं आणि आत ओरडला, “आजी निघाल्या!”

मग जे झालं ते बाई बघत राहिल्या. एक शिपाई सायकल घेऊन बसथांब्याकडे गेला, एक बाजारात. कारकुनाने चपलांच्या दुकानात फोन केला. त्या दुकानदाराने आजींसाठी दारात एक खुर्चीच ठेवलेली होती, त्या बहुतेक तिथेच येऊन बसत. आज खुर्ची रिकामी होती. बेकरीत फोन झाला, औषधांच्या दुकानात झाला. कुठेच नाहीत. वीस मिनिटं गेली. कारकुनाचा गोल चेहरा लांबला. “एवढा वेळ लागत नाही एरवी,” तो म्हणाला आणि टोपी घालून स्वतःच बाहेर पडला. टक्केबाईही त्याच्यामागे निघाल्या. ज्या आजींमुळे तीन दिवस जिवाला घोर लागला होता, त्या आता सापडाव्यात म्हणून त्या गल्लीगल्लीत डोकावत होत्या. शिडीवरून भांडणारे दोघंही भांडण तसंच ठेवून धक्क्याकडे गेले.

धक्क्याच्या रस्त्यावरच आजी भेटल्या. पांढऱ्या गणवेशातल्या एका तरुण मुलीचा हात धरून सावकाश चालत येत होत्या. मुलगी रुग्णालयातली परिचारिका, दोनला पाळी संपवून घरी निघालेली. आजी तिला बंद गोदामाच्या पायरीवर बसलेल्या दिसल्या होत्या.

“मला म्हणाल्या, तुला उशीर झाला, आता माझी सुटी कर,” मुलगी हसत कारकुनाला सांगत होती. “मग मी सुटी करून टाकली त्यांची.”

आजींनी टक्केबाईंकडे निरखून बघितलं. “तुम्हाला कुठला नंबर जोडून हवा होता?”

बाईंनी चष्मा सारखा केला. मग म्हणाल्या, “घरचा.”

“जोडते हं. लाइन सोडू नका,” आजी म्हणाल्या.

कारकून आजींना घेऊन पुढे गेला. बाई मुद्दाम त्या मुलीबरोबर मागे राहिल्या. विचारायचं ते विचारूनच टाकलं, “या रस्त्याने तू रात्री पण येतेस? एकटी?”

“रात्रपाळी असली की येते ना.”

“भीती नाही वाटत?”

“भीती कसली! बेकरीवाले रात्रभर जागेच असतात. आणि उशीर करायची सोय नाही हो इथे. मागे मी दोन तास जास्त थांबले कामावर, घरमालकीणबाईंना सांगायला विसरले. ठाण्यातून माणूस रुग्णालयात हजर! सगळ्या वॉर्डासमोर विचारतो, बाई, तुम्ही हरवलात का?”

बाई पोट धरून हसल्या. त्या मुलीला कळेना, की आपण एवढं काय विनोदी बोललो.

ठाण्यात परत आल्या तेव्हा कारकून टेबलाशी बसून नवी तक्रार लिहीत होता. सावकाश, गोल अक्षरात. या वर्षातली आजींची चौथी.

“अहो, पण सापडल्या ना,” टक्केबाई म्हणाल्या. “लिहिली नाहीत तरी चाललं असतं. शेजारचं ठाणं तर सगळीकडे शून्य लिहून मोकळं होतं.”

कारकुनाने पेन थांबवलं नाही. “त्यांचं त्यांना ठाऊक. आमच्याकडे घरच्यांनी कळवलं की लिहायचं. सापडतातच म्हणून लिहायचं सोडलं, तर हळूहळू शोधायला निघायचंही सोडतील लोक. मग ज्या दिवशी सापडायच्या नाहीत, त्या दिवशी कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही.”

परतीच्या बसमध्ये बाई हेच घोळवत बसल्या. सव्वीस वर्षं त्या मोठ्या आकड्यांना भीत आल्या होत्या आणि शून्य दिसलं की समाधानाने पुढच्या ओळीवर जात होत्या. किती ठाण्यांत खरोखर कुणी हरवलं नव्हतं आणि किती ठाण्यांत कुणी लिहूनच घेतलं नव्हतं? उद्यापासून विचारणा शून्यवाल्यांना पाठवायची, असं त्यांनी ठरवलं. रकानाही परत घालायचा. पान उभ्याऐवजी आडवं छापलं तर तो आरामात मावत होता. नऊ वर्षांपूर्वी सात शहाण्यांच्या समितीत हे एकालाही सुचलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. एवढं ठरवून त्यांनी खिडकीला डोकं टेकलं आणि सोमवारनंतर पहिल्यांदा त्यांना गाढ झोप लागली.

घरी पोचल्या तेव्हा दुकान बंद करून बाबा वर आले होते आणि मुलगी टेबलावर ताटं मांडत होती. तोंड अजून फुगलेलंच. बाईंनी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

“तू जा,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी पहिल्यांदा होकार कळव.”

मुलीने हातातलं ताट खाली ठेवलं. “परवा ‘नाही’ म्हणालीस, आज ‘जा’ म्हणतेस. आई, चाललंय काय?”

“आकडे मला सांगता यायचे नाहीत.”

“मी आकडे विचारलेच नाहीत.”

बाई खुर्चीवर बसल्या. “मी तिकडे जाऊन आले आज.”

“कुठे? बंदराच्या गावात?” बाबा उडालेच. “आणि मला दौरा म्हणालीस!”

“दौराच होता तो. रीतसर.”

मुलगी समोरची खुर्ची ओढून बसली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिने आईच्या डोळ्यांत बघितलं. “काय पाहिलंस तिथे?”

मग बाईंनी सांगितलं. एकही आकडा न सांगता सगळं सांगितलं. वाट विसरणाऱ्या आजी, चपलांच्या दुकानातली खुर्ची, भांडण सोडून धावणारे दोघं, बाई तुम्ही हरवलात का म्हणून वॉर्डात येणारा शिपाई. “तिथे एखादी बाई वेळेवर घरी पोचली नाही ना, तर लोक हातातलं काम टाकून शोधायला निघतात,” त्या म्हणाल्या. “मला अशी जागा आपल्या गल्लीतसुद्धा माहीत नाही. मी चुकले. माझं चुकलं, जा तू.”

बाबांनी हळूच चष्मा काढून पुसला. मुलगी मात्र मान खाली घालून टेबलावरची रेघ नखाने कोरत होती.

“आई, मी होकार काल सकाळीच कळवलाय.”

रागवायला हवं होतं, पण बाईंना राग आलाच नाही. “मग कालपासून तोंड पाडून कशाला बसलीयेस? तुझं तर सगळं झालं होतं मनासारखं!”

“कुठे झालं होतं?” मुलीने मान वर केली. “परवा तू नाही म्हणालीस ना, तेव्हा तुझा चेहरा... मी तुला इतकं घाबरलेलं कधी पाहिलंच नव्हतं. मी जाणार होतेच. पण रात्री त्या रस्त्याने येताना दर पावलाला मागे वळून बघितलं असतं मी. कशाला भ्यायचं तेही ठाऊक नसताना.” तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले. “आता नाही बघणार.”